सही नको: अलाबामाच्या काळ्या मातीतले दोन दिवस

पहिली फजिती घड्याळाने केली. गरीब वृद्धांना सरकारी सोयींचे अर्ज भरायला मदत करायची म्हणून आम्ही तिघे अटलांटाहून सहाला निघालो, नऊला लाउन्स काउंटीतल्या (काउंटी म्हणजे जिल्हा) चर्चमध्ये बोलावलं होतं. अलाबामाची हद्द ओलांडली की वेळ एक तास मागे जाते, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आठला कुलपासमोर उभे! येताना तोच तास कापला जातो, तेव्हा परतीच्या दिवशी घाईची कामं ठेवू नका.

या भागाला ‘ब्लॅक बेल्ट’ म्हणतात, नाव मुळात काळ्या मातीवरून पडलं. माती चिकट, पाणी मुरत नाही. सेप्टिक टाकी परवडत नाही अशा कित्येक घरांचं सांडपाणी पाइपने थेट मागच्या आवारात जातं. बूट घाला, पाय बघून टाका आणि तोंडावर काही दिसू देऊ नका. पेट्रोल मॉन्टगोमेरीतच भरा. फोनला रेंज मिळेल हे गृहीत धरू नका, फॉर्म छापूनच न्या.

१९६५ च्या ‘ओल्डर अमेरिकन्स अ‍ॅक्ट’खाली साठीपुढच्या माणसांसाठी घरपोच जेवण, दवाखान्यात ने-आण, घरकामाला मदत अशा सोयी आहेत. जेवणासाठी उत्पन्नाची अट नाही, ऐच्छिक वर्गणी दिली नाही म्हणून कुणाला नाकारता येत नाही. गरीब अल्पसंख्य आणि खेड्यातल्या वृद्धांकडे विशेष लक्ष द्या, असंही कायद्यातच आहे. पण कायदा फाटकापर्यंत येतो. पुढे कुत्रं असतं.

आम्हाला कुत्र्यापलीकडे नेलं ते चर्चच्या स्वयंपाकघरातल्या बाईंनी. त्यांच्याशिवाय एकही दार उघडलं नसतं. त्यांनी आधीच बजावलं होतं: नावाआधी ‘मिस’ लावा, हातात क्लिपबोर्ड नको, आणि ‘मोफत’ हा शब्द तर नकोच.

एका आजींनी बुटांचं खोकं पुढ्यात ओतलं. निम्मी पाकिटं न फोडलेली. त्यांच्या सोशल सिक्युरिटीतून, म्हणजे सरकारी पेन्शनमधून, मेडिकेअर पार्ट बीचे (वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्यातला डॉक्टरच्या खर्चाचा भाग) दरमहा १८५ डॉलर (२०२५ चा दर) कापले जात होते. उत्पन्न इतकं कमी की ‘मेडिकेअर सेव्हिंग्ज प्रोग्रॅम’मधून ते राज्याने भरले असते. आमच्याबरोबर मेडिकेअरबद्दल सल्ला देणाऱ्या स्थानिक समुपदेशक बाई होत्या, त्यांनी अर्ज काढला. आजींनी हात मांडीखाली घेतला.

“सही केली की घर जातं.”

हे नुसतं अडाणीपण नव्हे. जमीन आजोबांच्या नावावर, मृत्युपत्र नाही, वारस चार राज्यांत पांगलेले. अशी सामाईक जमीन एखाद्या वारसाचा हिस्सा विकत घेऊन, कोर्टाकडून लिलाव करवून बळकावल्याची उदाहरणं इथे घरोघर ठाऊक आहेत. शिवाय नर्सिंग होमचा, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषागृहाचा, खर्च मेडिकेडने (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्ययोजनेने) केला, तर मृत्यूनंतर तो मालमत्तेतून वसूल होऊ शकतो. पण सेव्हिंग्ज प्रोग्रॅमने भरलेल्या रकमेची अशी वसुली १ जानेवारी २०१० पासून कायद्याने बंद आहे. बाकी काही विसरलात तरी चालेल, हे एक वाक्य पाठ करून जा. आणि मेडिकेड व सेव्हिंग्ज प्रोग्रॅम यांची गल्लत करू नका. आमच्यातल्या एकाने केली, आणि आजींनी खोकं भरायला घेतलं.

‘मोफत’ का खटकतो, ते परतताना उमगलं. टस्कीगी वाटेवरच आहे. इथेच १९३२ ते १९७२ सरकारी आरोग्यखात्याने मोफत उपचारांच्या नावाखाली सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना नुसतं न्याहाळलं, पेनिसिलिन मिळू लागल्यावरही दिलं नाही. आजींच्या वयाच्या माणसांना ते इतिहासाच्या पुस्तकातून कळलेलं नाही.

रविवारी जाऊ नका. १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर मेडिकेअरच्या योजना बदलायची मुदत असते, तेव्हा समुपदेशकांना श्वास घ्यायला फुरसत नसते. सेव्हिंग्ज प्रोग्रॅमचा अर्ज मात्र वर्षभर चालतो. कोणत्या काउंटीला कुठलं वृद्धसेवा कार्यालय, ते ‘एल्डरकेअर लोकेटर’वर विचारा: १-८००-६७७-१११६.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी आजींकडे पुन्हा डोकावलो. अर्ज टेबलावर तसाच, वर मीठदाणी ठेवलेली. सही नव्हतीच. म्हणाल्या, “भाचा गुरुवारी येतो. त्या अर्जवाल्या बाईला तेव्हा पाठवा. तुम्ही नाही आलात तरी चालेल.”