पॅनकोस्ट ट्यूमर : शस्त्रक्रिया आधी का नाही?

आमच्या मामांचा डावा खांदा कित्येक महिने ‘फ्रोझन शोल्डर’ समजूनच शेकला जात होता. पुढे कळ दंडाच्या आतल्या बाजूने करंगळीपर्यंत उतरू लागली, सदऱ्याची बटणे लावताना बोटे साथ देईनात आणि डावी पापणी किंचित खाली झुकली, तेव्हा कुठे छातीचा सीटी स्कॅन झाला. गाठ फुफ्फुसाच्या अगदी शेंड्याला, पहिल्या बरगडीला चिकटलेली होती. फिलाडेल्फियाचे क्ष-किरणतज्ज्ञ हेन्री पॅनकोस्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा हा कर्करोग फुफ्फुसाच्या एकूण कर्करोगांत पाच टक्क्यांहूनही कमी आढळतो. तो खोकल्याऐवजी खांदेदुखीने सुरू होतो, कारण हाताला जाणाऱ्या नसा आणि पापणी उचलून धरण्यास मदत करणारे मज्जातंतू त्या शेंड्यालगतच असतात.

“गाठ दिसते आहे, तर ती लगेच काढून का टाकत नाहीत?” हा मामींचा प्रश्न आम्हा सगळ्यांचाच होता. सर्जननी शांतपणे समजावले की, नसा, हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि मणके इतके जवळ असताना गाठीभोवतीचा निरोगी भाग पुरेसा घेऊन ती काढणे फार अवघड असते आणि कडेला पेशी उरल्या, तर शस्त्रक्रियेचा हेतूच हुकतो. म्हणून आधी केमोथेरपी आणि रेडिएशन एकाच वेळी देऊन गाठ आक्रसवायची, मग ती काढायची.

या क्रमामागे मोठा इतिहास आहे. डॅलसच्या शॉ आणि पॉलसन यांनी १९६१ मध्ये आधी रेडिएशन व नंतर शस्त्रक्रिया ही पद्धत मांडली आणि पुढची काही दशके तीच रूढ राहिली. त्यात केमोथेरपीची भर घालणाऱ्या अमेरिकेतील चाचणीत ११० रुग्णांना सिस्प्लॅटिन व इटोपोसाइडची दोन आवर्तने आणि त्याच वेळी ४५ ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचे एकक) रेडिएशन देण्यात आले. ज्यांचा आजार वाढला नाही, त्यांची शस्त्रक्रिया तीन ते पाच आठवड्यांनी झाली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतिम निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर ४४ टक्के रुग्ण हयात होते, तर ज्यांची गाठ संपूर्ण निघाली त्यांच्यात हे प्रमाण ५४ टक्के होते. हे आकडे वाचल्यावर मधले थांबणे म्हणजे चालढकल नव्हे, हे मला पटले; घरच्यांना पटायला मात्र वेळ लागला. छातीच्या मध्यभागातील लसीकाग्रंथींत आजार पोहोचला असेल, तर बहुधा शस्त्रक्रिया करत नाहीत. म्हणून त्या ग्रंथींची तपासणी आधीच झाली होती.

मामांच्या फुफ्फुसाचा वरचा भाग, बरगड्यांचे तुकडे आणि पहिल्या वक्षीय (छातीच्या पातळीवर मणक्यातून निघणाऱ्या) मज्जातंतूचे मूळ काढावे लागले. खांद्याची रात्रीची ठणक थांबली. हाताची पकड मात्र पूर्वीसारखी नाही आणि फिजिओथेरपी अजून चालू आहे. हा आजार उलटतो तेव्हा तो अनेकदा मेंदूत उलटतो, असे त्याच चाचणीत दिसले होते. त्यामुळे छातीच्या स्कॅनबरोबर मेंदूचा एमआरआयही डॉक्टरांनी त्यांच्या पुढच्या तपासण्यांत धरला आहे.