आठवं पुस्तक आधी

41 कादंबऱ्यांची मालिका वाचायला घेतली आहे म्हटल्यावर लोक आधी ‘वेळ कुठून काढतेस’ असं विचारतात. ज्यांनी ती वाचलेली असते ते मात्र वेगळंच विचारतात, ‘सुरुवात कुठून केलीस?’ आणि उत्तर ऐकून हळहळतात.

टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाची ‘डिस्कवर्ल्ड’ मालिका 1983 साली सुरू झाली आणि 2015 साली संपली. मी ती पहिल्यांदाच वाचते आहे आणि तीही आठव्या पुस्तकापासून, कारण पणजीला जुन्या पुस्तकांच्या दुकानात तेच हाताला लागलं. भाच्याने कपाळाला हात लावला. “मावशे, मदींच कितें सुरू केलें?” मग त्याने मोबाइलवर वाचनक्रमाचा तक्ता काढून दाखवला. पहारेकऱ्यांच्या पुस्तकांची एक रांग, चेटकिणींची दुसरी, मृत्यूची तिसरी, पळपुट्या जादूगाराची चौथी, शिवाय या रांगांतून त्या रांगांत जाणाऱ्या तुटक रेषा. मी तक्ता नीट पाहिला, मोबाइल त्याला परत दिला आणि आठवं पुस्तक पुढे वाचायला लागले.

या जगाची ठेवण आपल्याला फार समजावून सांगावी लागत नाही. सपाट, वाटोळी पृथ्वी चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती एका अजस्र कासवाच्या पाठीवर, आणि कासव अवकाशातून पोहत निघालेलं. देवळात शिरल्यावर आधी दगडी कासवाला हात लावून मग गाभाऱ्याकडे वळणाऱ्यांना यात नवल ते काय? आपले दिग्गज आठ, प्रॅचेटने चारांत भागवलं, एवढंच. (ते कासव नर की मादी हे पाहण्यासाठी तिथले विद्वान जगाच्या कडेवरून माणसं खाली सोडण्याची तयारी करतात. विद्वान कुठलेही असोत, सारखेच.)

राहिला क्रमाचा प्रश्न. महाभारत आपण कधी क्रमाने ऐकलं? पेडण्याकडच्या जत्रेत रात्री दशावतारी नाटक उभं राहतं. यंदा त्यात चक्रव्यूहात अभिमन्यू मारला जातो आणि पुढच्या जत्रेला त्याच्या आईचं, सुभद्रेचं, हरण होतं. मांडीवर पोर घेऊन बसलेल्या एकाही बाईने ‘हे आधी दाखवायला हवं होतं’ अशी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. उलट सुभद्रा रंगात येऊन लाजायला लागली की पुढचं माहीत असलेल्यांचाच घसा दाटतो.

प्रॅचेटची पुस्तकं मला अशीच भेटत आहेत. अँख-मॉरपॉर्क या त्याच्या घाणेरड्या, लाडक्या शहरात डिब्लर नावाचा एक फेरीवाला आहे. तो सॉसेज विकतो. त्यात काय घातलेलं असतं हे विचारायचं नाही. मी वाचलेल्या पहिल्या पुस्तकात तो गर्दी जमली की तिथे ट्रे घेऊन हजर होतो, बस्स. पुढे दहावं पुस्तक मिळालं तर त्यात हाच इसम चलचित्रांचा निर्माता होऊन बसलेला. मग तेरावं वाचलं. त्यात भलत्याच देशात, वाळवंटाच्या काठावर, त्याचीच नक्कल वाटावी असा एक विक्रेता. गोव्यात राहणाऱ्याला या प्रकाराची सवय असते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ज्या बाईशी नारळांवरून घासाघीस केली, ती दोन महिन्यांनी एखाद्या लग्नात नवऱ्या मुलाची आत्या म्हणून पुढ्यात उभी राहते. ‘तूं कोणागेली?’ हा प्रश्न इथे उगाच विचारत नाहीत. ओळख मागून येते, क्रमाने येतेच असं नाही, पण एकदा आली की आधीच्या भेटीही बदलून जातात. नारळाच्या भावासकट.

मला सगळ्यांत आवडला तो सॅम व्हाइम्स. पहाऱ्याचा कप्तान, आणि पगार महिना 38 डॉलर. 1993 सालच्या ‘मेन ॲट आर्म्स’मध्ये तो आपल्या बुटांवर विचार करतो. चांगले बूट 50 डॉलरचे, ते दहा वर्षं टिकतात. त्याला परवडतात 10 डॉलरचे, पुठ्ठ्याच्या तळव्याचे, हंगाम-दोन हंगामांत फाटणारे. म्हणजे दहा वर्षांत गरीब माणूस बुटांवर 100 डॉलर घालवतो आणि पाय ते ओलेच! तळवे इतके झिजलेले की धुक्यातसुद्धा पायाखालच्या दगडांवरून आपण कुठल्या रस्त्यावर आहोत हे त्याला कळतं. 2022 साली ब्रिटनमध्ये खाद्यलेखक जॅक मन्रो यांनी गरिबांच्या रोजच्या किराण्याची महागाई मोजायला एक निर्देशांक काढला, तेव्हा लेखकाच्या कुटुंबाच्या परवानगीने त्याला या बुटांचंच नाव दिलं. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही. मे संपता संपता बाजारात पावसाळी चपलांचे ढीग लागतात. त्यातली स्वस्त जोडी चतुर्थीपर्यंत टिकली तरी पुष्कळ. मग बोटात अडकणारा पट्टा तळव्यातून सुटतो आणि माणूस पाय फरफटत चिखलातून बसस्टॉप गाठतो.

बसवरून आठवलं. यातल्या बहुतेक कादंबऱ्यांना प्रकरणंच नाहीत. मी म्हार्दोळला बस पकडते आणि जागा मिळाली तर वाचते. कुठे थांबायचं हे लेखक सांगत नाही, त्यामुळे ते कंडक्टर सांगतो. त्यातून प्रॅचेटला तळटीपांचा भारी सोस. वाक्याच्या मध्येच चांदणी दिसते, खाली बारीक अक्षरात टीप असते, टिपेला आणखी एक टीप फुटते, आणि तेवढ्यात बाणस्तारीच्या पुलापाशी बस असा काही हिसका देते की ओळच हरवते. शोधत बसायचं. चिडून उपयोग नाही, कारण बहुतेक वेळा सगळ्यांत चांगला विनोद तिथेच दडवलेला असतो.

या सगळ्या पुस्तकांतून फिरणारा म्हणजे मृत्यू. 41 पैकी दोनच कादंबऱ्यांत तो येत नाही. हाडांचा सापळा, हातात विळा, पण पांढऱ्या घोड्याचं नाव बिंकी आणि मांजरांवर अतोनात जीव. त्याच्या घरी एक ग्रंथालय आहे, तिथे प्रत्येक जिवंत माणसाचं चरित्र आपोआप लिहिलं जात असतं. चित्रगुप्ताची वहीच, फक्त हिशेब मांडायला चित्रगुप्त नाही. प्रॅचेटच्या म्हणण्याप्रमाणे मोठी ग्रंथालयं आतून एकमेकांना जोडलेलीही असतात. पुस्तकांच्या भाराने अवकाश वाकतं म्हणे. तसं असेल तर 1832 साली सुरू झालेलं आपलं पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय वाकायच्या वयाचं नक्कीच आहे. पाटोच्या त्या इमारतीत एखाद्या कपाटामागे प्रॅचेटच्या पुस्तकांतला ओरांगउटान ग्रंथपाल दिसला तर त्याला चुकूनही माकड म्हणू नये.

2007 साली प्रॅचेटने स्वतःच जाहीर केलं की आपल्याला अल्झायमरचा एक दुर्मिळ प्रकार झाला आहे. त्यानंतरही तो पुस्तकं सांगत राहिला, लिहून घेत राहिला. मार्च 2015 मध्ये, 66व्या वर्षी तो गेला आणि शेवटची कादंबरी त्याच वर्षी, त्याच्यामागे आली. अपुरं लिखाण ज्या हार्ड डिस्कवर होतं ती 2017 साली, त्याच्याच इच्छेनुसार, वाफेच्या रोडरोलरखाली घातली. हे वाचलं तेव्हा मी चांगलीच चिडले. अजूनही पूर्ण निवळले आहे असं नाही. लेखकाचा हक्क वगैरे सगळं खरं, पण रोडरोलर?

भाच्याकडे ती शेवटची कादंबरी आहे, न उघडलेली. वाचली की संपलं, म्हणून त्याने ठेवून दिली आहे. माझं तसं काही नाही, समोर आली तर मी उद्याच वाचून काढेन. आधीची निम्मीअधिक पुस्तकं अजून बाकी आहेत, त्यांत सगळे जिवंतच आहेत. पण तो देईल तर ना! “चेटकिणींची सगळी वाच, क्रमाने, मग देतो.” बरं बाबा, मग चेटकिणींचं पहिलं तरी दे, म्हटलं. तर ते त्याच्याकडे नाही. कधी नव्हतंच. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने सांगितलं की त्यानेही दुसऱ्यापासूनच सुरुवात केली होती.