सरांची रुक्मिणी

१९८८ हे बालगंधर्वांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. मिरजेला या नावाचा जिव्हाळा वेगळाच, कारण १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आलेले नारायणराव राजहंस शकुंतलेच्या भूमिकेत पहिल्यांदा उभे राहिले ते आपल्या गावात. शताब्दीनिमित्त शाळेने सभागृहासाठी तैलचित्र करून घ्यायचं ठरवलं आणि ते काम आपल्या चित्रकलेच्या सरांकडे आलं. मी तेव्हा नववीत होतो. शाळा सुटल्यावर ब्रश धुवायला थांबणाऱ्या पोरांत माझी वर्णी लागली, हे माझं भाग्य.

‘एकच प्याला’मधली सिंधू काढा, असं कुणीतरी सुचवलं होतं. सरांना ते पटलं नाही. पोरं रोज जिथे प्रार्थनेला बसतात तिथे सिंधूचे हाल नकोत, ‘नाथ हा माझा’ म्हणणारी रुक्मिणी हवी, असं त्यांचं म्हणणं. ‘स्वयंवर’ १९१६ सालचं. भास्करबुवा बखल्यांच्या चालींवर त्या वेळी सारा महाराष्ट्र डोलत होता. सर ती पदं गुणगुणतच कॅनव्हासवर चौकटी आखायचे.

खरी अडचण आली शालूच्या रंगाशी. समोर होता एक जुना कृष्णधवल फोटो आणि त्यात शालू जवळजवळ काळा. त्या वेळी सरांनी सांगितलेली गोष्ट मी आजतागायत विसरलो नाही. जुन्या काचेच्या प्लेटला लाल रंग दिसतच नसे म्हणा ना. कुंकू फोटोत काळं यायचं आणि आकाशी रंग पांढराफटक. म्हणजे काळा दिसणारा शालू लाल असेल, नाहीतर गर्द हिरवाही असेल. फोटोवर डोळे झाकून विसंबायचं नाही.

शाळेमागच्या वाड्यात एक आजी राहायच्या. लहानपणी त्यांनी गंधर्व मंडळीचं ‘स्वयंवर’ पाहिलेलं. सर आम्हाला घेऊन त्यांच्याकडे गेले.

“रंगाचं काय विचारता मास्तर,” आजी म्हणाल्या, “तो कुठला लक्षात राहतोय! पण पदर? खांद्यावरून तसूभर हलायचा नाही. आम्ही घरी येऊन आरशासमोर तसाच पदर घेऊन बघायचो.”

सरांनी शालू डाळिंबी केला आणि सगळा जीव ओतला तो पदरात. जरीला त्यांनी सोनेरी रंग लावलाच नाही. खाली बर्न्ट सिएना, त्यावर यलो ऑकर आणि उजेड पडतो तिथे पांढऱ्यात मिसळलेल्या पिवळ्याचे बारीक फटकारे. जवळ जाऊन पाहिलं तर नुसते चिखलट पट्टे. चार पावलं मागे आलं की जर लखलखते. नथीतला मोतीही तसाच : करडा गोल, खाली एक गडद कड, वर पांढरा ठिपका. तो ठिपका सरांनी अगदी शेवटच्या दिवशी दिला. तेवढ्याने चेहरा जागा झाला.

एका गोष्टीवर सर ठाम राहिले. हनुवटी अजून नाजूक करा, बाई वाटली पाहिजे, असं बघायला येणारे म्हणायचे. सरांनी ती फोटोत होती तशीच, पुरुषाची ठेवली. “हा नटाचा चेहरा आहे,” ते म्हणायचे. “रुक्मिणी त्याने आपल्या डोळ्यांत आणली, मानेच्या कलात आणली. हनुवटी बदलली तर त्याची मेहनत पुसली जाईल.” मला हे त्या वयात पूर्ण कळलं नव्हतं. पुढे पुण्याला बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची तैलचित्रं पाहिली. त्यांच्यासमोर उभं राहिल्यावर सरांचं वाक्य उलगडलं.

मी छपाईच्या धंद्यात पडलो. रंग जुळवणं हेच माझं पोटापाण्याचं काम. मूळ चित्राशी प्रूफ ताडून बघायची सवय मला सरांच्या त्या खोलीत लागली.

अमृतमहोत्सवाच्या तयारीसाठी अलीकडे सभागृहात गेलो तेव्हा चित्र डोळे भरून पाहिलं. वॉर्निश पिवळं पडलंय, त्यामुळे डाळिंबी रंग विटकरी दिसतो. पश्चिमेच्या खिडकीचं ऊन दुपारनंतर थेट पदरावर येतं. समितीला माझी कळकळीची विनंती आहे : चित्र समोरच्या भिंतीवर हलवा, ओल्या फडक्याने कुणाला पुसू देऊ नका, आणि वॉर्निश उतरवायला तैलचित्रांच्या दुरुस्तीतला जाणकारच बोलवा. त्याचा सगळा खर्च मी करीन. मुख्याध्यापकांना तसं पत्रही दिलं आहे.