तुम्ही विचारलंत म्हणून: डिस्ट्रो का बदलत नाही?

"अपग्रेडनं एवढा मनस्ताप दिला, तरी तुम्ही उबंटूलाच का धरून बसलाय?" गेली पाच वर्षं हा प्रश्न ऐकतोय. (उबंटू ही लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक तऱ्हा, अशा तऱ्हेला डिस्ट्रो म्हणतात.) पुण्याचा भाचा दिवाळीला आला की विचारतो. वाचनालयाचे चिटणीस दर वार्षिक सभेच्या आधी विचारतात. ओळखीचे संगणकवाले तर विचारतही नाहीत, थेट नाव सुचवतात. डेबियन टाका, आर्च टाका, अशा दुसऱ्या डिस्ट्रोंची. कटकटच मिटेल म्हणतात. मी दर वेळी दोन वाक्यांत काहीतरी सांगून विषय संपवतो आणि घरी आल्यावर वाटत राहतं की धड उत्तर दिलंच नाही. म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाचं संगणकाचं काम मी बघतो, विनामोबदला. साडेअकरा हजार पुस्तकं, सहाशेच्या आसपास सभासद. २०१८ साली मी त्यांना देवघेवीचा प्रोग्रॅम लिहून दिला. खाली उबंटू १८.०४ आणि डेटाबेस पोस्टग्रेसक्यूएल १०. कार्यकारी मंडळापुढे मी तेव्हा छातीठोकपणे सांगितलं होतं, "लिनक्स आहे. व्हायरसची काळजी नाही, लायसनचा खर्च नाही, अपग्रेडची भीती नाही." त्यातलं तिसरं वाक्य मला आजही टोचतं.

२०२० च्या मार्चपासून वाचनालय बंद होतं. ऑगस्टमध्ये उबंटूचं २०.०४.१ आलं आणि एका एलटीएसवरून (म्हणजे दीर्घकाळ सपोर्ट मिळणाऱ्या आवृत्तीवरून) पुढच्या एलटीएसवर जायची वाट उघडली. १८.०४ ला २०२३ पर्यंत सपोर्ट होता, म्हणजे घाई कसलीच नव्हती. पण माझ्याकडे वेळ होता, वाचनालयात शुकशुकाट होता आणि कुणाचं काम अडणार नव्हतं. किल्ली घेऊन गेलो, बॅकअप काढला, अपग्रेड लावलं. मध्येच एक निळा चौकोन आला. पोस्टग्रेसची १० ही आवृत्ती आता जुनी झाली आहे, नवी आवृत्ती घालून जुना डेटा तिच्यात हलवा, अशा अर्थाचा मजकूर होता. मी ओके दाबलं. जुनी आवृत्ती चालूच राहिली, प्रोग्रॅम उघडला, पुस्तकं दिसली, आणि मी समाधानानं कुलूप लावून घरी आलो.

ऑक्टोबरच्या मध्यावर राज्यात वाचनालयं उघडायला परवानगी मिळाली. सात महिने घरात अडकलेली पुस्तकं एकदम परत यायला लागली. दिवाळीच्या सुमारास ग्रंथपाल ताईंचा फोन आला. "दादा, पुस्तक माझ्या हातात आहे आणि कॉम्प्युटर म्हणतो नोंद नाही."

मी गेलो. पुस्तकाच्या पाठीवर ताईंच्याच अक्षरातली चिठ्ठी होती, ११-०७. म्हणजे अकरावं कपाट, सातवं पुस्तक. त्यांनी माझ्यासमोर नंबर टाइप केला. नोंद सापडली नाही. मग मी पुस्तकाच्या नावातला एक शब्द टाकून शोधलं, तर तेच पुस्तक, तोच नंबर, लगेच समोर! पुन्हा नंबर टाकला. नोंद सापडली नाही. मी ताईंना म्हणालो, नंबर टाकताना मध्ये स्पेस पडत असेल. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्याकडून चूक झाली नव्हती आणि मी ती त्यांच्यावर ढकलली, हे मला दोन आठवड्यांनी कळलं. त्या दोन आठवड्यांत त्यांनी त्यांच्या परीनं मार्ग काढला होता. पुस्तक सापडलं नाही की नव्यानं नोंद करायची. एका नंबरची दुसरी नोंद होऊ नये म्हणून मी घातलेलं बंधन त्यांना अडवत नव्हतं, म्हणून त्यांना वाटलं की असंच करायचं असतं.

झालं होतं ते असं. मजकूर कोणत्या क्रमानं लावायचा याचे नियम पोस्टग्रेस स्वतःकडे ठेवत नव्हतं. ते लिनक्सच्या पोटातल्या ग्लिबसी नावाच्या लायब्ररीकडून, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना लागणाऱ्या तयार कोडच्या संचाकडून, घेत होतं. ग्लिबसीच्या २.२८ या आवृत्तीत, ऑगस्ट २०१८ मध्ये, हे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. जुन्या नियमात मधली आडवी रेघ आधी बाजूला ठेवली जायची. म्हणजे १-१२५ हा ११२५ सारखा आणि ११-०७ हा ११०७ सारखा वाचला जायचा, आणि ११-०७ आधी यायचा. नव्या नियमात रेघही मोजली जाते, ती आकड्यांच्या आधी येते, म्हणून १-१२५ आधी. उबंटू १८.०४ मध्ये जुनी ग्लिबसी होती, २०.०४ मध्ये नवी. डेटाबेसमधली माझी अनुक्रमणिका, म्हणजे कुठला नंबर कुठे आहे हे पटकन सांगणारी यादी, जुन्या क्रमानं रचलेली होती आणि तिच्यात शोध नव्या क्रमानं चालला होता. शब्दकोशाची पानं जुन्या वर्णक्रमानं बांधलेली असावीत आणि शोधणाऱ्याला नवाच वर्णक्रम पढवलेला असावा, तसं. काही शब्द सापडतात, काही नाही, आणि शब्दकोश फाटलेला तर कुठेच दिसत नाही. नावानं शोधताना प्रोग्रॅम अनुक्रमणिका न बघता सगळी यादी चाळायचा, म्हणून तिथे पुस्तक सापडायचं. दुहेरी नोंदीवरचं बंधनही त्याच बिघडलेल्या अनुक्रमणिकेवर उभं होतं.

पडद्यावर एकही एरर आला नव्हता. मला सर्वांत जास्त त्रास याचाच होतो. अपग्रेडनंतर स्क्रीन काळी पडली असती तर त्याच दिवशी कळलं असतं.

आता गुरुजींबद्दल लिहायलाच हवं. मी हा विषय तोंडी टाळतो तो त्यांच्यामुळे. निवृत्त शिक्षक, पंचाहत्तरीच्या पुढचे, वाचनालयाचे चाळीस वर्षांचे सभासद. त्यांनी तीन पुस्तकं परत आणून दिली. जमा झाली ती ताईंनी केलेल्या नव्या नोंदींवर. जुन्या नोंदींवर ती त्यांच्याच नावे बाकी राहिली. महिनाअखेरीस प्रोग्रॅमनं थकबाकीची यादी काढली आणि शिपायानं यादीप्रमाणे फोन केले. गुरुजी काठी टेकत आले. मी तेव्हा तिथेच होतो, आतल्या खोलीत. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर त्यांनी परत केलेल्या पुस्तकांची नावं, तारीख, वारसुद्धा लिहिलेला होता. ते एवढंच म्हणाले, "चाळीस वर्षांत माझ्याकडे तगादा आला नव्हता." मी बाहेर येऊन सांगितलं की संगणकात बिघाड आहे, चूक तुमची नाही. त्यांनी ऐकून घेतलं, अनामतीची पावती टेबलावर ठेवली आणि अनामत परत मागितली. सगळं निस्तरल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, नातवाबद्दल बोलले, माझ्यावर राग दिसला नाही. पण ते पुन्हा सभासद झाले नाहीत.

निस्तरायला चार रविवार लागले. डेटा नव्या आवृत्तीत हलवायला गेलो तर अनुक्रमणिका तयार होईना, कारण एकेका नंबराच्या दोन-दोन नोंदी. अशा १८३ निघाल्या. प्रत्येकीसाठी ताई कपाटापाशी जाऊन पुस्तक बघायच्या, मी कुठली नोंद ठेवायची ते ठरवायचो आणि देवघेव तिच्यावर चढवायचो. शेवटी अनुक्रमणिका नव्यानं बांधायची आज्ञा दिली, ती काही सेकंदांत संपली. ऑगस्टमध्ये ती एक ओळ मी चालवली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. त्या निळ्या चौकोनात सांगितल्याप्रमाणे डेटा तेव्हाच हलवला असता, तरीही घडलं नसतं. हलवताना अनुक्रमणिका आपोआप नव्यानं बांधली जाते.

मग उबंटूचा दोष किती? चौकोन त्यांनी दाखवला होता. पण तो म्हणाला "जुनी झाली आहे". "क्रम बदललाय, शोध चुकेल" असं म्हणाला नाही. जुनी झालेली वस्तू चालत असेल तर आपण वापरतोच की. हे मी माझ्या बाजूनं म्हणतोय हे मला कळतं.

आणि इथे तुमचा प्रश्न येतो. डेबियनवर असतो तर? ९ वरून १० वर जाताना तिथेही हीच ग्लिबसी आली. रेड हॅटमध्ये ७ वरून ८ वर जाताना आली. आर्चवर असतो तर २०१८ मध्येच, वाचनालय चालू असताना, साध्या रोजच्या अपडेटमध्ये आली असती. नंतर भाच्यानं निक्सओएस सुचवलं, बिघडलं की मागच्या अवस्थेत जाता येतं म्हणून. यंत्रणा मागे गेली असती हे खरं. पण ताईंनी दोन आठवडे हातानं केलेल्या नोंदी आणि गुरुजींना गेलेला फोन मागे गेला नसता. एका स्नेह्यानं त्याच सुमारास सांगितलं होतं, सेंटओएस ८ घ्या, २०२९ पर्यंत बघायला नको. मी मनातून तयारही झालो होतो. ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की त्याचा सपोर्ट २०२१ च्या अखेरीस संपणार. मी तेव्हा १८३ मधल्या शेवटच्या नोंदी निपटत होतो. त्या दिवसानंतर "हे घ्या, निर्धास्त राहा" या सल्ल्यावर माझा विश्वास बसत नाही, देणारा कितीही जाणकार असो.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे बदलून उपयोग नाही असं तुमचं मत. तसंही नाही. डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर टिपणांची एक पुस्तिका येते आणि तिचं पाचवं प्रकरण खास याच कामासाठी असतं, अपग्रेड करताना कशाकशाकडे लक्ष ठेवायचं. हल्ली मी ते वाचतो, चहा घेऊन, शांतपणे. वाचताना वाटतं की आपल्यासारख्या माणसाची सोबत कुणीतरी धरली आहे. पोस्टग्रेसही सुधारलंय. २०२२ च्या १५ व्या आवृत्तीपासून क्रमाचे नियम बदलले की ते स्वतः इशारा देतं. तो इशारा मला २०२० मध्ये हवा होता. सध्या वाचनालयात उबंटू २२.०४ आहे, कोऱ्या डिस्कवर घालून डेटा भरलेला. त्यातलं पोस्टग्रेस १४ असा इशारा देत नाही. म्हणजे बदलण्याला कारण आहे, आणि ते चांगलं कारण आहे.

मग का बदलत नाही? याचं खरं उत्तर मी चिटणीसांना कधी दिलेलं नाही. मला भीती वाटते. २०१८ चा मी समोर आला तर म्हणेल, भीतीपोटी जुन्याला चिकटून बसणं म्हणजेच धोका, सपोर्ट संपल्यावर काय करशील? त्याचं बरोबर आहे. २२.०४ चा नेहमीचा सपोर्ट २०२७ च्या एप्रिलपर्यंतच आहे. पण तो तेव्हा आतल्या खोलीत उभा नव्हता. अपग्रेड म्हणजे एका संध्याकाळचं काम असं त्याला वाटायचं. त्या संध्याकाळनंतर तीन महिन्यांनी माणसं कपाटं आणि वह्या धुंडाळत बसू शकतात, हे त्याला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

डेबियन १३ आलं तेव्हा, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टमध्ये, एका जुन्या मशीनवर ते घालून ठेवलं. दर रविवारी वाचनालयाचा बॅकअप त्यावर चढवतो. सगळे नंबर एकेक करून शोधणारा छोटा प्रोग्रॅम लिहिलाय, तो दोन्हीकडे चालवतो आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघतो. अजून एकदाही फरक आलेला नाही. गेल्या महिन्यात ताई म्हणाल्या, "दादा, जमतंय ना सगळं? मग कधी हलवायचं?" मी म्हटलं, वार्षिक तपासणी होऊन जाऊ दे. त्यांनी नेहमीप्रमाणे मान हलवली आणि त्या दिवसाची देवघेव वहीत लिहायला घेतली. २०२० पासून त्या संगणकाबरोबर वहीही ठेवतात. ती बंद करा असं मी त्यांना एकदाही सांगितलेलं नाही.