शब्दांच्या आधीच्या खुणा
आज बहिणीसोबत भाच्याला बालविकासतज्ज्ञांकडे नेले होते. दीड वर्षाचा होऊनही तो बोलत नाही, ही आमची काळजी. स्वमग्नतेची (ऑटिझम, म्हणजे संवाद आणि इतरांशी देवाणघेवाण यांत अडचण आणणारी विकासातील अवस्था) शक्यता तपासणाऱ्या डॉक्टरांचे लक्ष मात्र नावाने हाक मारल्यावर तो वळतो का, हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का, आणि एखादी गंमत दिसली की ती आईनेही पाहावी म्हणून तिच्याकडे बघतो का (हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला), याकडे होते. त्याच तपासणीसाठी १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीची प्रश्नावली भरून घेतली, पण ती केवळ प्राथमिक चाचणी असते, निदान नव्हे. श्रवणचाचणीही सांगितली. ‘मुलगे उशिराच बोलतात’ हा दिलासा मला घातक वाटतो, कारण स्वमग्नतेचे निदान पक्के होण्याची वाट न पाहताही वाचा-उपचार आणि खेळातून संवादाचा सराव सुरू करता येतो.