दाणापात्र, पारवे आणि 55 अंशांचा उतार

चिमण्यांचं दाणापात्र पारव्यांपासून राखायला त्याभोवती जाळीचा पिंजरा केला होता, त्या पिंजऱ्याखाली आता बाजरी पडत नाही! मागच्या नोंदीत गाडी इथेच अडली होती: वर जाळीत चिमण्या निवांत खातात, पण त्यांनी उडवलेल्या दाण्यांवर खाली पारव्यांचा तळ पडलेला. तोडगा जमला आहे, म्हणून मापांसकट लिहितो.

पिंजरा तोच, 45 सेंमीचा घन. दीड इंची वेल्डमेश (जोडलेल्या तारांची चौकोनी जाळी), तार 14 गेज जाडीची. तारेची जाडी वजा केली की चौकोन साधारण 36 मिमीचा उरतो. चिमणी 32 मिमीच्या भोकातून आरामात जाते, त्यामुळे तिला आणि मुनियांना एवढा पुरतो. दोन इंची जाळीतून साळुंकी अंग चोरून शिरते. षट्कोनी चिकन मेश तर नकोच. ती दबते आणि पाखरांचे पाय अडकतात. मधोमध 110 मिमी पीव्हीसी पाइपचं दाणापात्र आहे, म्हणजे चारी बाजूंनी जाळी पात्रापासून 17 सेंमी दूर. या अंतरात कंजुषी करू नका. पारवा खांदे जाळीला टेकवून मान आत घालतो आणि जवळचा सगळा दाणा टिपतो. वर 60 अंशांचं पत्र्याचं छप्पर असल्याने त्याला बसायला जागा उरत नाही, शिटही आत पडत नाही.

राहता राहिला सांडणारा दाणा. त्याची पहिली दोन कारणं सोपी. मिश्र दाणे घातले की पाखरं नावडते बाजूला फेकतात. दुकानातल्या तयार पाकिटांत गहू आणि मका भरपूर असतो, त्यातला अख्खा मका तरी चिमणीसाठी जवळजवळ वायाच जातो. नुसती बाजरी घाला, मुनिया येत असतील तर वेगळ्या पात्रात राळा. दुसरं कारण पात्राचं दाणे टिपायचं भोक. उघड्या भोकातून बाजरी आपोआप ओघळते. भोक 20 मिमीचं ठेवून त्यावर आतून 25 मिमी पाइपचा उभा चिरलेला अर्धा तुकडा पालथा बसवला की दाणा त्याखाली थांबतो. पात्राच्या तळाशी शंकू हवाच, नाहीतर खालचा थर तिथेच कुजतो.

एवढं करूनही चिमण्या उडवायच्या तेवढं उडवतातच. खाली ताट लावावं तर पेच पडतो. ताट रुंद असेल तर कड जाळीजवळ येते आणि पारव्याची चोच पोचते. अरुंद असेल तर दाणा बाहेर जातो. म्हणून ताटाचा नादच सोडला आणि पिंजऱ्याच्या तळजाळीखाली, पिठाच्या गिरणीवर असतं तसं, चौकोनी होपर (वर रुंद, खाली निमुळतं होत जाणारं नसराळं) लावलं. दाणा जाळीतून खाली पडतो, उतारावरून घरंगळतो आणि टोकाच्या बाटलीत जातो.

पण 45 अंशांच्या होपरमध्ये बाजरी चारही कोपऱ्यांत साचते, कारण दोन बाजू जिथे मिळतात त्या कोपऱ्याच्या रेषेचा उतार बाजूंपेक्षा कमी, जेमतेम 35 अंश असतो. त्यात दमट हवा आली की दाणे चिकटून बुरशी. बाजू 55 अंशांच्या केल्या की कोपऱ्याची रेषा 45 अंशांवर येते आणि दाणा थांबत नाही. 45 सेंमीच्या पिंजऱ्याला त्यासाठी खाली सुमारे 30 सेंमी उंची लागते. टांगताना ती हिशेबात धरा. सामान म्हणून सनपॅक शीट (पोकळ प्लास्टिकची शीट) उत्तम: हलकी, कटरने कापता येणारी, पाण्याने न फुगणारी. फ्लेक्स झोळतो आणि घडीत दाणे अडकतात. सांधे आतून टेपने गुळगुळीत करा, बाहेर कड ठेवू नका, बाटलीच्या तळाला निचऱ्याची बारीक भोकं पाडा. बाटलीतला दाणा टाकूनच द्यायचा. त्यात आत खाणाऱ्या पाखरांची शिट मिसळलेली असते.

खाली खायला काही नाही म्हटल्यावर पारव्यांची गर्दीही ओसरली. हे समाधान मोठं आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स 2023’ अहवालात दीर्घकालीन कल मांडता आलेल्या 338 जातींपैकी 60 टक्के घटलेल्या आहेत, आणि पारवा मात्र वाढणाऱ्यांत. आपला दाणा त्याच्या पोटात जाऊन संवर्धन होत नाही.

आठवड्याला पात्र धुणं चालू आहे: एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, मग स्वच्छ धुऊन उन्हात पूर्ण कोरडं. पाण्याचं मातीचं भांडं 3 ते 4 सेंमी खोल. पाणी रोज बदलताना कडा घासायच्याच, डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी तिथेच चिकटतात.

पुढे असाच दुसरा पिंजरा करायचा बेत होता. हे लिहिता लिहिता तो बदलतो आहे. दाण्याचा उपयोग दयाळ, शिंपी, शिंजीर यांना काहीच नाही, आणि चिमणीसुद्धा पिल्लांना आधी किडे-अळ्याच भरवते. जाळीचे पैसे कढीपत्त्याच्या दोन झाडांवर (फळं बुलबुल आणि कोकिळ खातात) आणि कुंपणालगतच्या न कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर घालावेत. गवत बी धरेपर्यंत वाढलं की ठिपकेवाल्या मुनियाही त्यावर येतील. कीटकनाशक फवारणी अर्थातच बंद.

जून ते सप्टेंबर दाणापात्र उतरवून ठेवायचं. दमट बाजरी विषासारखी, आणि तेव्हा बाहेर किड्यांची कमतरता नसते. ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी भरायचं संकेतस्थळ) पात्रावर आलेल्या पाखरांची यादी भरताना दिवसभराची बेरीज करू नका, एका वेळी दिसलेला सर्वांत मोठा आकडाच टाका. फेब्रुवारीतल्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट या पक्षीगणनेसाठीही हाच नियम पाळा. होपरचा कटिंग नकाशा हवा असेल तर आपल्या पिंजऱ्याची लांबी-रुंदी कळवा, बाजूंची मापं काढून देतो.