मुलीची स्त्रीरोगतज्ज्ञांकडची पहिली भेट

माझ्या मुलीला बाराव्या वर्षी पाळी सुरू झाली. पुढची दोन वर्षे दर महिन्याला ती दोन दिवस अंथरुणाला खिळून असे आणि मी "सुरुवातीला असे होतेच" म्हणून तिची समजूत घालत राहिले, कारण माझ्या लहानपणी मलाही हेच सांगितले गेले होते. शाळा बुडू लागली आणि दर दीड तासाला पॅड भिजू लागले, तेव्हा कुठे मी डॉक्टरांची वेळ घेतली.

"आतून तपासतील का?" एवढीच तिला धास्ती होती. मी आधीच फोन करून विचारले. या वयात विशेष कारण असल्याखेरीज आतली तपासणी करत नाहीत, हे कळल्यावरच ती यायला तयार झाली.

डॉक्टरांनी आधी आम्हा दोघींशी बोलून नंतर मला बाहेर बसायला सांगितले. मला ते लागले, पण रक्ताच्या मोठ्या गाठी पडतात ही गोष्ट, जी तिने माझ्यापासून संकोचाने लपवली होती, ती त्याच दहा मिनिटांत बोलली गेली. मग वजन, रक्तदाब, रक्ततपासणी आणि लघवी रोखून पोटावरून केलेली सोनोग्राफी, एवढ्यावर भागले. सोनोग्राफीत काही दोष नव्हता. हिमोग्लोबिन मात्र कमी निघाले. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि वेदनाशामक औषध दुखणे असह्य होण्याची वाट न पाहता, सुरू होताच घ्यायचे असे ठरले.

पहिल्या काही वर्षांत पाळी 21 ते 45 दिवसांनी येणे स्वाभाविक असते. पण रक्तस्राव 7 दिवसांहून जास्त चालला, दोन पाळ्यांत 90 दिवसांहून अधिक अंतर पडले किंवा पंधराव्या वर्षापर्यंत पाळीच आली नाही, तर थांबू नये, असे त्यांनी समजावले. काही तक्रार नसली तरी 13 ते 15 या वयात एकदा भेटून जावे, म्हणजे पुढे अडचण आलीच तर मुलीला डॉक्टर परके वाटत नाहीत, हे त्यांचे म्हणणे मला सर्वांत जास्त पटले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी एचपीव्ही लसही पंधराव्या वर्षाआधी सुरू केल्यास सहसा दोनच मात्रा पुरतात, हेही मला तिथेच कळले.

धाकटी आता तेरा वर्षांची आहे. तिची काहीही तक्रार नाही. तरीही तिला विचारून मी पुढच्या महिन्याची वेळ घेतली आहे.